नाव आधी सांगायचं नाही

मी दुर्बीण बोलतेय. जरा हळू बोलतेय, कारण समोरच्या जाळीत आत्ताच काहीतरी हललं आणि माझ्या मालकिणीने श्वास रोखून धरला आहे. एरवी अशा वेळी मीही गप्प असते. पण आज राहवत नाही. ज्या जाळीपायी गेल्या वर्षी एका सकाळी आम्हा सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते, तिच्या बुंध्यांवर आता तोडणीच्या लाल फुल्या उमटल्या आहेत.

जाळी म्हणजे शहरातल्या मोठ्या बागेचा मागचा कोपरा. पुढे कापलेली हिरवळ, आखीव वाटा, बाकं, कारंजं. मागे मात्र कोणी न लावलेली, कोणी न कापलेली झुडपं एकमेकांत गुंतून बसली आहेत. बागेत येणारी माणसं तिकडे पाठ करून बसतात. मी मात्र माझं सगळं आयुष्य तिकडे तोंड करून काढलं आहे.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका बंद, लख्ख खोलीत झाला. तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. केस टोपीत कोंबलेल्या बायका भिंगं पुसायच्या आणि गप्पा मात्र सासवांच्या मारायच्या. शेवटच्या टेबलावर एक जाड चष्म्याचा माणूस बसे. त्याला सगळे 'जुळारी' म्हणत. नळ्या दोन, भिंगं दोन, बघणारे डोळे दोन, पण चित्र एकच दिसलं पाहिजे, हे बघणं त्याचं काम. एक नळी केसभर जरी कलली तरी माणसाला दोन दोन चंद्र दिसतात आणि डोकं दुखायला लागतं. त्याने मला जुळवलं, डोळ्यांना लावलं, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल पाहिला आणि म्हणाला, "हं. एकच आहे." मला मिळालेला तो पहिला आशीर्वाद.

माझा पहिला मालक बंदरावरचा टेहळणीवाला. दिवसभर मनोऱ्यात बसून येणारी जहाजं बघायची आणि खाली कळवायचं. माणूस मनाने चांगला, पण त्याला एक खोड होती. क्षितिजावर नुसता धूर दिसला की तो जहाजाचं नाव सांगून मोकळा होई. एकदा त्याने असंच नाव फुंकलं. खाली हमाल जमले, माल उचलायची यारी सरकवली, धक्का रिकामा केला, आणि जवळ आलं तेव्हा ते जहाज भलतंच निघालं. गंमत अशी, की मनोऱ्यातल्या त्याच्या सहकाऱ्यानेही माझ्यातून पाहिलं होतं आणि 'तेच आहे' म्हणून मान डोलावली होती. माणसाच्या कानात एकदा नाव पडलं, की डोळे त्या नावाची चाकरी करायला लागतात. हे मी तिथे शिकले. त्याचा उपयोग पुढे होणार होता.

तो निवृत्त झाला आणि मी एका घड्याळवाल्याच्या काचेच्या कपाटात येऊन पडले. शेजारी बंद पडलेली घड्याळं. सगळ्यांची वेळ वेगळी. समोरून लोक जायचे, वाकून बघायचे, पुढे जायचे. जिचा जन्म बघण्यासाठी, तिच्याकडे नुसतं बघितलं जावं, याच्याइतका अपमान नाही.

मग एक दिवस आत्या आली.

तेव्हा ती कोणाची आत्या नव्हती. इस्पितळाच्या औषध विभागात नुकती लागलेली, ताठ मानेची मुलगी होती. तिने मला डोळ्यांना लावलं, दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या तारेवर बसलेलं पाखरू पाहिलं आणि घड्याळवाल्याला विचारलं, "त्याच्या मानेवर रेघ आहे ना?" त्याने विचारलं, "कोणाच्या?" तिने उत्तर दिलं नाही. मला गळ्यात घालूनच ती बाहेर पडली.

तिच्या खात्यात एक शिस्त होती. औषधाची बाटली एकाने काढायची, दुसऱ्याने तपासायची. आणि काढणाऱ्याने तपासणाऱ्याला नाव सांगायचं नाही. नुसती बाटली हातात द्यायची. दुसऱ्याने स्वतः वाचून नाव उच्चारायचं, आणि दोघांचं जुळलं तरच औषध खिडकीतून बाहेर जायचं. कारण सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत एका अक्षराचा फरक असतो आणि त्या अक्षराच्या पलीकडे एखाद्याचं मूल असतं.

आत्याने हीच शिस्त बागेत आणली. पाखरू दिसलं की पहिल्याने गप्प राहायचं. मला दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्याने पाहायचं, त्याने बोलायचं. जुळलं तर ते पाखरू 'झालं'. नाही जुळलं तर नाही. भले ते कितीही दुर्मीळ असो, कितीही हौसेचं असो.

बागेत पाखरं बघायला येणाऱ्यांचा एक छोटा कंपू होता. पुढे त्यातले कोणी गाव सोडून गेले, कोणाचे गुडघे गेले. उरली आत्या, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि आत्याची भाची. काकांच्या कॅमेऱ्याला हातभर लांब भिंग होतं, म्हणून त्यांना सगळे 'तोफखाना' म्हणत. ते आले की आत्या म्हणे, "तोफखाना आला. आता पाखरं शरण येतील." त्यांचे फोटो बहुतेक वेळा पानांचे निघायचे.

आणि भाची. कॉलेजात शिकणारी, चालताना पळणारी, बोलताना पुढच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करणारी. आत्या तिला 'घाईबाई' म्हणते. तिचे वडील, म्हणजे आत्याचे भाऊ, दोघींना दारातून बाहेर पडताना बघून म्हणायचे, "आधी माझी बहीण एकटी वेडी होती, आता जोडी झाली." घाईबाईला जग बदलायचं होतं, आणि तेही दुपारच्या तासाच्या आत. नाव न सांगता दुर्बीण पुढे देणं तिला कधी जमलंच नाही. मी आत्याच्या हातात पोचायच्या आधी पाखराचं नाव पोचलेलं असायचं. आत्या शांतपणे म्हणायची, "बाद." मग ती पाय आपटायची.

वसंतात या बागेत काय होतं, ते माणसांना माहीत नसतं. दक्षिणेला हिवाळा काढलेली लहान लहान पाखरं तेव्हा उत्तरेकडे परत निघतात. पिलांच्या ओढीने, रात्रीचा प्रवास करत. वजन म्हणाल तर पत्रावरच्या तिकिटांएवढं. पहाटे थकून खाली येतात तेव्हा त्यांना खाली काय दिसतं? गच्च्या, डांबर, दिवे. आणि त्या सगळ्यात एक काळा ठिपका. आमची जाळी. तिथे कोवळी पालवी असते, पालवीवर अळ्या असतात. ती उतरतात, अधाशासारखी खातात, अंगावर पुढच्या मजलेपुरती चरबी धरतात आणि एका संध्याकाळी उठून जातात. ही जाळी नसली तर? मी हा प्रश्न घाईबाईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो माझाच झाला आहे.

गेल्या वर्षी पालवी फुटायच्या सुमारास जाळीच्या तोंडाशी फलक लागला. जाळी काढून तिथे फरसबंद वाट, दिवे आणि व्यायामाची यंत्रं बसवणार होते. घाईबाईने तो फलक वाचला आणि माझा पट्टा तिच्या मुठीत असा आवळला गेला, की शिवण उसवली.

दोघी उद्यान अधीक्षकांकडे गेल्या. मी आत्याच्या गळ्यात होते. अधीक्षक काही राक्षस नव्हते. टेबलावर फायलींचा ढीग, ढिगावर जेवणाचा डबा, डब्यावर चष्मा, असा एक थकलेला माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोकांच्या तक्रारी येतात, कोपरा अंधारा आहे, बायका तिकडून जायला घाबरतात. दिवे नकोत असं कोणत्या तोंडाने सांगायचं? घाईबाईकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून ती मोठ्याने बोलली. आत्या मधे पडली. इतर पाखरं जाऊ द्या, पण या जाळीत मी परवा फिकटपाया पाहिलाय, असं ती म्हणाली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. झुडपांत राहणारी दोन इवली पाखरं आहेत, हिरवट, मातकट, एकाच आईची लेकरं वाटावीत अशी. आमच्या कंपूने त्यांना घरगुती नावं दिली आहेत. एक काळपाया. त्याचे पाय काळसर, आणि तो बसल्या जागी शेपटी सारखी खाली दाबत असतो. हा दरवर्षी येतो, ढिगाने येतो. दुसरा फिकटपाया. त्याचे पाय पिवळट, शेपटी स्थिर, डोळ्यावरची भुवई लांबलचक. तो या शहरात दिसून वर्षं लोटली होती.

अधीक्षकांनी चष्मा डब्यावरून उचलून डोळ्यांवर चढवला. खरंच इतका दुर्मीळ आहे का, असं विचारलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय," घाईबाई म्हणाली.

माझी भिंगं त्या क्षणी पाणावली असती तर बरं झालं असतं. कारण परवा जाळीपाशी काय घडलं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. आत्याने जाळीत काहीतरी पाहिलं होतं. आणि मला भाचीच्या हातात देताना, आयुष्यात पहिल्यांदा, ती नाव बोलून गेली होती. "फिकटपाया आहे बघ." घाईबाईने मला डोळ्यांना लावलं. मी तिला जे होतं ते दाखवलं. एक पान हलत होतं. नुसतं पान. ती म्हणाली, "हो, हो, दिसला."

ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच दिसला होता. आत्याच्या शब्दावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, इतकंच.

अधीक्षकांनी विचार केला आणि सौदा केला. म्हणाले, जाळी उपटणारं मशीन उद्या सकाळी येणार. काम सुरू होण्याआधी तो पक्षी मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. दिसला तर मी वरती लिहून काम थांबवतो. नाही दिसला, तर पुन्हा या दारात यायचं नाही.

बाहेर आल्यावर आत्या मला पुसायला लागली. पदराने पुसलं, फुंकर मारली, परत पुसलं. गेले काही महिने हे चाललं होतं. "काच धुरकट झालीय गं हिची. उद्या ऐन वेळी घात करेल." घाईबाईने लगेच मला आत्याच्या गळ्यातून काढलं आणि धावत त्या जुन्या घड्याळवाल्याकडे नेलं. आता तिथे त्याचा मुलगा बसतो. त्याने मला उघडलं, दिव्यासमोर धरलं, आतले लोलक पाहिले, पुन्हा मिटलं.

"काच आरशासारखी आहे," तो म्हणाला. "ज्यांना धूर दिसतो, त्यांचे डोळे दाखवा."

परतीच्या रस्त्यावर घाईबाई सावकाश चालली. तिला सगळं एकदम समजलं होतं. जिन्यात आत्याचं कठड्याला धरणं. चहाच्या कपाच्या बाजूला पडलेली साखर. कागद खिडकीपाशी नेऊन वाचणं. आणि हेही समजलं होतं, की आत्याने फिकटपाया पाहिला नव्हता. आत्याला तो आठवला होता.

घरी आत्याने विचारलं, काय म्हणाला गं? घाईबाई म्हणाली, "पुसून दिलीय."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मशीन आधीच आलेलं होतं. पिवळं धूड, लोखंडी पंजा जमिनीवर टेकवून, जाळीच्या तोंडाशी घुरघुरत उभं. मशीनवाला वर बसून बिस्किटं खात होता. तोफखाना काका कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून तयार होते. अधीक्षक मफलर गुंडाळून आले, सारखे घड्याळ बघत. रात्री वारा उलटा फिरला होता, थोडा शिडकावाही झाला होता. पानं ओली होती.

आम्ही थांबलो. घाईबाईने मला डोळ्यांना लावून ठेवलं होतं आणि ती फांदीन् फांदी तपासत होती. काही नाही. मशीनच्या धुराने पुढची पानं थरथरत होती. कशाचंही पाखरू होत होतं. अधीक्षकांनी एकदा जोरात बोट दाखवलं, "हा काय, हाच का?" तो बागेतला रोजचा, शेंडीवाला, कठड्यावर बसून लोकांच्या डब्यातलं पळवणारा पक्षी होता. काका म्हणाले, "साहेब, याला तर तुमचा पगारसुद्धा माहीत असेल."

आत्या एका बाकावर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. तिने एकदाही मला मागितलं नाही. तेव्हा घाईबाईला कळलं असावं, की आत्यालाही माहीत आहे. निदान भीती आहे.

"मशीन बंद करायला सांगा," आत्या म्हणाली. "या आवाजात ती बाहेर येणार नाहीत."

अधीक्षकांनी हात केला. घुरघुर थांबली. कानात एकदम पोकळी झाली. मग त्या पोकळीत, खूप आतून, एक बारीक चिवचिव उमटली.

घाईबाईचं बोट माझ्या मधल्या चाकावर गेलं. धूसर हिरवं स्पष्ट झालं. एक फांदी, फांदीवर ओलं पान, पानाआडून एक इवलं पाखरू बाहेर आलं.

हिरवट. मातकट. भुवई होती, पण आखूड. ते एका अळीवर झेपावलं, गिळली, आणि फांदीवर बसून शेपटी खाली दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा. पाय काळे, कोळशाने रेघ ओढावी तसे.

माझ्या दोन्ही नळ्यांवर तिच्या तळव्यांचा घाम आला. मी इतकी गच्च कधी धरली गेले नव्हते. काकांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. ते अगदी कानाशी येऊन पुटपुटले, "अगं, साहेबांना काय कळतंय त्यातलं? म्हण, हाच तो. दोन शब्दांचं काम आहे. जाळी वाचते."

आणि ते खरं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मागे मशीन उभं होतं, पुढे पाखरू होतं, आणि मधे एक माणूस होता ज्याला पोपट आणि पारव्यातलाही फरक जेमतेम कळत असेल. त्याच्या कानात नाव घातलं असतं, तर त्याचे डोळे त्या नावाची चाकरी करायला लागले असते. मी बंदरावर पाहिलं होतं. कोणाचं नुकसान झालं असतं? मी स्वतः ओरडून ते नाव सांगितलं असतं, मला तोंड असतं तर.

घाईबाईने मला डोळ्यांवरून काढलं. पट्टा गळ्यातून काढला. आणि आयुष्यभर जे तिला जमलं नव्हतं ते तिने केलं. एक अक्षर न बोलता मला अधीक्षकांच्या हातात दिलं.

त्यांना मला नीट धरताही येईना. म्हणाले, दोन दोन दिसतंय. तिने नुसत्या हाताने माझ्या नळ्या त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवल्या. मग म्हणाले, हां, आता एक झालं. "हाच का तो?"

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा," ती म्हणाली.

अधीक्षक अडखळत सांगू लागले. लहान आहे. मळकट हिरवं. किडा धरला बघा, गिळला. स्वस्थ बसत नाही. "शेपूट का हलवतंय सारखं? खाली, खाली... पंपाने पाणी उपसावं तसं."

"आणि पाय?" बाकावरून आत्याने विचारलं.

"पाय काळे."

काकांनी मान फिरवली. घाईबाई म्हणाली, "मलाही तेच दिसलं. काळपाया आहे, साहेब. साधा. दरवर्षी येतो तो." आणि मग, बाकाकडे न बघता, "परवा मला काहीच दिसलं नव्हतं, आत्या. पान हलत होतं. मी हो म्हटलं."

मला वाटलं, आत्या मोडून पडेल. एका वाक्यात तिची जाळी गेली, शब्द गेला, डोळे गेले. ती उठली, चाचपडत दोन पावलं पुढे आली. आता ते चाचपडणं तिने लपवलं नाही.

"नाव मी आधी बोलले होते," ती म्हणाली. "माझं बाद, म्हणून तुझंही बाद. आजचं जुळलं. तेच खरं."

अधीक्षकांनी यातलं किती ऐकलं कोण जाणे. ते अजून माझ्यातूनच बघत होते. "मग हा वरचा कोण? तोच का? नाही, तो तर इथे आहे. आणि हा... अहो, इथे तर अजून आहेत."

मशीन बंद होऊन आता चांगला वेळ झाला होता आणि जाळी जागी व्हायला लागली होती. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. प्रत्येक फांदीला पाखरू फुटलं होतं. रात्रीच्या उलट्या वाऱ्याने सगळा थवाच्या थवा खाली ढकलला होता, आणि तो जिथे उतरू शकत होता तिथे उतरला होता. सगळे काळपाये. सगळे साधे. ओल्या पिसांनी, पडत झडत, एका फांदीवरून दुसरीवर, नुसते खात होते. एक तर अधीक्षकांच्या बुटाजवळ खाली उतरला, कारण माणसाला घाबरण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

घाईबाईने तोंड उघडलं होतं. तिच्याकडे भाषण तयार असणार. आत्याने तिच्या दंडावर हात ठेवला आणि ते आतच राहिलं.

"साधेच आहेत, साहेब," आत्या म्हणाली. "पण साधे म्हणून त्यांना भूक कमी लागत नाही."

अधीक्षकांनी मला खाली घेतलं. त्यांच्या डोळ्यांभोवती माझ्या कडांचे गोल वळ उठले होते. ते जरा चिडूनच बोलले. ठरलं काय होतं? दुर्मीळ पक्षी दाखवायचा होता. आता मी वरती काय सांगू, रोजचीच पाखरं आली म्हणून काम थांबवलं?

"नाव नका सांगू. काय दिसलं ते सांगा," आत्या म्हणाली.

अधीक्षक वळले आणि मशीनकडे चालू लागले. मी अजून त्यांच्या हातातच होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. मागे उभ्या तिघांना फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्या काही पावलांत घाईबाईचं काय झालं असेल, ते मी सांगू शकत नाही.

"दुसऱ्या टोकाकडून सुरू कर," ते मशीनवाल्याला म्हणाले. "फाटकाकडून. तिकडे झुडपं कमी, गवतच जास्त. दिवे तिकडे लागू देत. इकडचं पाखरं उठल्यावर बघू."

मशीनवाल्याने बिस्किटाचा कागद खिशात घातला. "उठल्यावर म्हणजे? जेवणाच्या सुट्टीनंतर?"

"उन्हाळा लागल्यावर."

"मग आधी सांगायचं होतं. एवढं वळवायचं म्हणजे काय खेळ आहे?"

त्याने मशीन सुरू केलं. त्या धडाक्याने अधीक्षक दचकून मागे सरले, पट्टा त्यांच्या बोटात अडकला, उसवलेली शिवण तुटली, आणि मी फरशीच्या कडेवर पडले. डाव्या बाजूवर. आत काहीतरी कलल्याचं मला लगेच जाणवलं. जुळाऱ्याने जुळवलेली गाठ सुटली होती.

घड्याळवाल्याच्या मुलाने नंतर पुष्कळ खटपट केली. माझ्या वयाचे सुटे भाग आता मिळत नाहीत. डावी नळी आता टोपण लावून बंद आहे. त्याच महिन्यात आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा अजून बाकी आहे. ती मला हातात घेऊन म्हणते, "आता आपण दोघी मिळून एक चांगली दुर्बीण."

जाळीचं फाटकाकडचं टोक गेलं. तिथे दिवे आले, वाट आली. संध्याकाळी बायका तिथून निर्धास्त जातात, आणि घाईबाईसुद्धा कबूल करते की ते बरं झालं. अधीक्षकांचा तो मुद्दा निम्मा तरी खरा होता. उरलेली जाळी उन्हाळा लागल्यावरही वाचली, पण कागदावर नाही. एका माणसाच्या शब्दावर. त्या माणसाची पुढे बदली झाली. शब्द खुर्चीवर ठेवून जाता येत नाही. नवे अधीक्षक आले, नवा फलक लागला, बुंध्यांवर लाल फुल्या आल्या. म्हणून तर आज मी बोलते आहे.

आणि पालवी फुटली आहे. रात्री वारा पुन्हा फिरतो आहे.

घाईबाई रोज पहाटे इथे येऊन उभी राहते. हातात फलक नाही, तोंडात घोषणा नाही. वाटेने जाणाऱ्या कोणालाही ती थांबवते, धावणाऱ्याला, कुत्रं फिरवणाऱ्याला, ऑफिसला उशीर झालेल्याला. काही तिला वेडी म्हणून पुढे जातात. काही थांबतात. काल नव्या अधीक्षकांचा चालक थांबला होता. तो बराच वेळ थांबला. आज साहेबांना घेऊन येतो म्हणाला आहे.

उद्या कदाचित तुम्ही या वाटेने याल. एक मुलगी पुढे होईल आणि एका डोळ्याची, तुटक्या पट्ट्याची जुनी दुर्बीण तुमच्या हातात देईल. दुर्मीळ काय, साधं काय, वाचवायचं काय, यातलं काही ती तुम्हाला सांगणार नाही. तिला ते किती कठीण जातं, हे तिच्या ओठांकडे बघून कळेल. मला डोळ्याला लावा. मधलं चाक सावकाश फिरवा. जाळीत काहीतरी हलेल.

मग तुम्ही सांगा, काय दिसलं.